खपलीचं घरचं बी गेलं, आणि मग कळलं ते काय होतं

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. जरा लांबेल.

आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठावर. जिकडं बघावं तिकडं ऊस. पण आजी होती तोवर विहिरीच्या कडेच्या पाच-सहा गुंठ्यांत दर वर्षी खपली, म्हणजे खिरीचा जुना गहू, पडायचीच. विकायला नाही. जत्रेची खीर, माहेरी आलेल्या लेकींच्या पिशवीत थोडी, आणि पुढच्या सालाचं बी. काढणीच्या आदल्या दिवशी आजी वाफ्यातून फिरायची आणि बियासाठी ओंब्या खुडून ओटीत टाकायची. त्यात काही काळ्या कुसळाच्या, काही तांबूस, काही पांढऱ्या. मी एकदा विचारलं, सगळ्या एकसारख्या का नाही निवडत? तर म्हणाली, "सगळी भावंडं एका तोंडवळ्याची असत्यात व्हय?"

आजी गेली. वर्षश्राद्धाला घरातली होती नव्हती ती सगळी खपली उखळात सडून तूस काढलं आणि खीर केली. पाचशे माणूस जेवलं. आधी बी वेगळं काढून ठेवायचं असतं, हे काम कायम आजीचं. ते त्या दिवशी आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. संध्याकाळी आईनं रिकामं पोतं झटकलं तेव्हा ती मटकन खालीच बसली.

पुढच्या रब्बीत एका दुकानातून खपलीचं म्हणून बी आणलं. पीक छान आलं. पण मळणी यंत्रातून दाणे मोकळे, लख्ख बाहेर पडले. शेजारचे आबा मूठभर दाणे हातात घेऊन बघत राहिले आणि म्हणाले, "ही खपली न्हवं बाळा."

तेव्हापासून मी खपलीबद्दल मिळेल ते वाचतोय. वाचता वाचता गव्हाच्या रोगप्रतिकारक जनुकांची एक यादी सापडली. त्यात मूळ वाण म्हणून चक्क 'खपली' असा शब्द. आमच्या खिरीतला गहू त्या यादीत काय करतोय, हे कुणी समजावून सांगेल का? आणि घरचं जुनं बी अजून कुणाकडं आहे का?

पुरणयंत्र

वाचून घशाशी आलं. आमच्याकडे मिरजेला अजून खपलीचीच खीर होते. आदल्या रात्री भिजवायची, सकाळी पाण्याचा हबका मारत उखळात सडायची, तूस पाखडून टाकायचं आणि मग मंद आचेवर तास-दोन तास शिजवायची. गूळ, ओलं खोबरं, खसखस, शेवटी वेलदोडा. साध्या गव्हाची केली तर पिठूळ होते. खपलीचा दाणा शिजून फुगतो पण फुटत नाही, दाताखाली लागतो. सासूबाईंकडे बी असायचं, आता बाजारातूनच आणतो. आणि बाजारातून येते ती सडलेली. म्हणजे पेरायचं म्हटलं तरी उपयोग नाही, हे तुमचा धागा वाचून पहिल्यांदा जाणवलं.

गहूवाले काका

कृष्णाकाठ, तुमच्या आजींचं ते भावंडांचं वाक्य मी वहीत उतरून घेतलं आहे. मी तीसेक वर्षं गव्हाच्या पैदाशीचं काम केलं, आता निवृत्त आहे. जमेल तसं सांगतो.

आधी ओळख. खपलीची वाळलेली ओंबी दोन बोटांत धरून हलकेच वाकवा. तिचा कणा मधेच मोडतो आणि हातात तुकडे येतात. प्रत्येक तुकडा म्हणजे जाड टरफलाचं एक पाकीट, आणि त्यात सहसा दोन दाणे. टरफल दाण्याला असं घट्ट धरून असतं की मळणीत नुसती पाकिटं सुटतात, दाणे सुटत नाहीत. दाणा हवा तर सडावं लागतं. तुमच्या यंत्रातून मोकळा दाणा पडला तिथंच आबांनी ओळखलं. लांबट, कडक, पिवळसर दाणा असेल तर तो बहुधा बन्सी असावा. बन्सी हा खपलीचा अगदी जवळचा भाऊ. दोघांचीही गुणसूत्रं २८. आपली रोजची चपाती ज्याची होते त्या शरबती-लोकवनची ४२. (लोकवन हे नाव गुजरातेतल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेच्या 'लोक-१' वाणाचं. एका ग्रामीण शिक्षणसंस्थेत निघालेला गहू आपल्या घराघरांत पोचला, याचं मला फार अप्रूप आहे.)

२८ आणि ४२ हे आकडे कुठून आले, त्यातच गव्हाची सगळी कूळकथा आहे. फार पूर्वी, माणूस शेती करू लागण्याच्या कित्येक लाख वर्षं आधी, पश्चिम आशियात १४ गुणसूत्रांची दोन रानगवतं शेजारी शेजारी उगवत होती. त्यांचा आपोआप संकर झाला. एरवी असा संकर वांझ निघतो. इथं मात्र दोन्हींचे गुणसूत्रसंच दुप्पट झाले आणि २८ गुणसूत्रांचं, बी धरणारं नवं झाड तयार झालं. तीच रानटी खपली. आजही ती इस्राएल, सीरिया, तुर्कस्तानच्या डोंगरउतारांवर आपसूक उगवते. आरोन आरोनसोन या कृषिशास्त्रज्ञाला ती १९०६ मध्ये गालीलमध्ये, रोश पिना इथं खडकाच्या फटीत उभी दिसली. गव्हाचा पूर्वज जिवंत सापडला म्हणून तेव्हा मोठी खळबळ उडाली होती.

रानटी खपलीची ओंबी पिकली की कणा आपोआप सुटतो आणि पाकिटं जमिनीवर पडतात. दोन लांब कुसळं दिवसा कोरड्या हवेत फाकतात, रात्री दमट हवेत जवळ येतात, आणि या उघडझापीत बी इंचाइंचानं मातीत शिरतं. पाकिटातल्या दोन दाण्यांपैकी एक पहिल्याच पावसाळ्यात उगवतो, दुसरा बहुधा पुढच्या सालापर्यंत झोपून राहतो. पहिल्या साली दुष्काळ पडला तरी वंश टिकतो.

माणसाला यातलं काहीच सोयीचं नव्हतं. ज्या झाडांचा कणा चुकून मजबूत राहिला, त्यांचेच दाणे कापणीपर्यंत ओंबीत टिकले, घरी आले आणि पुढच्या साली पेरले गेले. ठरवून कुणी काही केलं नाही. बदल सगळीकडे पसरायला हजार-दोन हजार वर्षं तरी गेली. उत्खननात जळालेल्या ओंब्यांचे तुकडे मिळतात, त्यांवर हा बदल नुसता बघून कळतो. आपोआप सुटलेल्या तुकड्याचा व्रण गुळगुळीत, आणि मळून तोडलेल्याचा फाटका, खडबडीत. दहाएक हजार वर्षांपूर्वी माणसाळलेली खपली ती हीच. तिच्यात आणखी फरक होऊन टरफल सैल पडलं, तेव्हा बन्सी वर्गातले गहू आले.

आणि चपातीचा गहू? खपली वर्गातला माणसाळलेला गहू शेतीबरोबर पसरत कॅस्पियन समुद्राच्या बाजूला गेला. तिथं शेताच्या बांधावर टाउशी नावाचं १४ गुणसूत्रांचं गवत होतं. त्यांचा संकर झाला. २८ आणि १४ मिळून ४२. ही गोष्ट आठ-नऊ हजार वर्षांपूर्वीची. म्हणजे चपातीच्या गव्हाला रानटी अवस्था अशी नाहीच. त्याचा जन्मच शेतात झाला.

पुढचा मुद्दा जेवून लिहितो. तुमच्या यादीचं उत्तर त्यात आहे.

उंबरठा

काका, लवकर जेवा.

मातीचा_माणूस

फार सुंदर धागा. एक शंका. खपली आपल्या मातीतला मूळचा गहू आणि बाकीचे परदेशी, असं मी सगळीकडे सांगत असतो. वरच्या माहितीवरून तीही बाहेरून आलेली दिसते. मग 'देशी' कशाला म्हणायचं?

खापरखुणा

मातीचा_माणूस, याचं उत्तर मी देतो, उत्खननांत वावर असतो म्हणून. गहू आणि जव उपखंडात बलुचिस्तानच्या बाजूनं आले. बोलन खिंडीजवळच्या मेहरगढला ते किमान सात हजार वर्षांपूर्वी पेरले जात होते, आणि त्यात खपलीच्या जातीचा गहू आहे. आपल्याकडे शिरूर तालुक्यात घोड नदीवरच्या इनामगावचं उत्खनन डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून पुढं बरीच वर्षं केलं. तिथले साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे लोक मुख्यतः जव पेरायचे, गहूही असायचा, आणि पाणी वळवायला त्यांनी पाटही काढला होता.

आपल्या ताटात मूळचं इथलं बघायचं तर तूर बघा. तिचा रानटी भाऊ आजही बस्तर-ओडिशाच्या जंगलात मिळतो. मूग, कुळीथ इथलेच. ज्वारी मात्र आफ्रिकेतून, सुदानच्या बाजूनं आली. मिरची, भुईमूग अमेरिका खंडातून, तेही गेल्या पाचशे वर्षांत. पण म्हणून मालदांडी ज्वारीला परकी कोण म्हणेल? पीक कुठून आलं हा एक प्रश्न. आणि इथं आल्यावर इथल्या मातीनं, थंडीनं, रोगांनी आणि बी निवडणाऱ्या बायकांनी त्याचं काय केलं, हा दुसरा. देशी वाण म्हणजे या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, असं मी मानतो.

मातीचा_माणूस

पटलं. आजपासून तसंच सांगेन.

गहूवाले काका

खापरखुणा यांनी माझं काम हलकं केलं. आता यादीकडे वळू.

चपातीचा गहू जन्मला तो शेताच्या कडेला झालेल्या मोजक्याच संकरांतून. टाउशी गवत काही देशांत पसरलेलं आहे, त्याचे नाना प्रकार आहेत, पण गव्हात उतरले ते त्यातले थोडेच. त्याआधी रानटी खपली माणसाळली तेव्हाही सगळं रान घरात आलं नव्हतं, माणसांनी कापलेल्या पेंढ्या तेवढ्या आल्या. प्रत्येक वेळी मूठभर बी पुढं गेलं आणि बाकीची विविधता मागं रानात राहिली. शेवटी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी पद्धतशीर पैदास सुरू झाली, तेव्हा एकाच देखण्या झाडापासून शेकडो मैल शेतं उभी राहू लागली. दिसायला सोन्यासारखी. पण रोगाला एक दार उघडलं की आख्खं गाव मोकळं.

गव्हाचा सगळ्यात जुना वैरी तांबेरा. त्यातही खोडावरचा काळा तांबेरा. पंधरा दिवसांत भरल्या पिकाची चिपाडं करतो. ही बुरशी सतत रूप बदलते. आज ज्या वाणाला ती शिवत नाही, त्यावरच काही वर्षांनी तिची नवी जात वाढते. आग्र्याला के. सी. मेहता यांनी आयुष्य घालून दाखवलं की मैदानातल्या उन्हाळ्यात तांबेऱ्याचे बीजाणू मरतात, पण डोंगरातल्या गव्हावर जगतात. काळा तांबेरा निलगिरी-पळणीच्या डोंगरांतून वाऱ्यावर स्वार होऊन दर हंगामाला आपल्याकडं येतो. महाबळेश्वरचं गहू तांबेरा संशोधन केंद्र याच कामासाठी आहे.

आता तुमची खपली. अमेरिकेत मिनेसोटाला स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी १९२२ मध्ये तांबेऱ्याच्या जाती ओळखायची पद्धत बसवली. बारा गहू रांगेत लावायचे, त्यांवर बुरशी सोडायची, आणि कोणावर पुरळ उठतं, कोणावर नाही, यावरून जात ठरवायची. त्या बारांत मार्क्विस, मिंडम, कुबांका अशी नावं आहेत, आणि एक नाव 'खपली'. भारतातून गेलेलं बी, नावासकट. जगभर पुढं कित्येक वर्षं तांबेरा मोजला गेला तो ही रांग लावून.

खपलीवर तांबेऱ्याच्या फार थोड्या जाती वाढायच्या. म्हणून ऑस्ट्रेलियात वॉटरहाउस यांनी स्टाइनवेडेल नावाच्या चपातीच्या गव्हाशी तिचा संकर केला. २८ आणि ४२ चा संकर अवघड असतो, पुष्कळ रोपं वांझ निघतात. पण त्यातून एक वाण टिकला. त्याचं नाव 'खपस्टाइन'. 'खप' आपला, 'स्टाइन' त्यांचा.

पुढं खपलीतल्या प्रतिकारक जनुकांना क्रमांक मिळाले. एसआर १३ आणि एसआर १४ हे तिचे (एसआर म्हणजे 'स्टेम रस्ट', खोडावरचा तांबेरा). भुरी या बुरशीच्या रोगाला अटकाव करणारा पीएम ४ए हाही तिच्याकडूनच आला. तुम्ही पाहिलीत ती यादी हीच असणार.

मग १९९८-९९ मध्ये युगांडात काळ्या तांबेऱ्याची एक नवी जात दिसली, यूजी ९९. जगातले पुष्कळ गहू तेव्हा एसआर ३१ या एकाच जनुकाच्या भरवशावर होते. तो राय नावाच्या धान्यातून आणलेला. यूजी ९९ नं नेमका तोच ओलांडला. माझ्या खात्यात त्या काळात आम्ही रात्र रात्र जागत होतो. मग उपयोगी पडेल असं काय काय आहे याची जगभर शोधाशोध झाली, आणि कामी येणाऱ्या जनुकांत एसआर १३ निघाला. २०१७ मध्ये तो डीएनएतून नेमका शोधून वेगळाही काढला गेला.

आणखी एक सांगायलाच हवं. त्याआधीचा मोठा आधार होता एसआर २. तोही खपलीच्या जातीच्याच एका गव्हातला, रशियाकडच्या 'यारोस्लाव्ह'मधला. मॅकफॅडन नावाच्या तरुणानं १९१६ च्या सुमारास अमेरिकेच्या साउथ डाकोटात मार्क्विस गव्हाशी त्याचा संकर केला. वाणाचं नाव ठेवलं 'होप', म्हणजे आशा. एसआर २ शंभर वर्षं झाली तरी पूर्ण मोडलेला नाही. म्हणजे आज आपण खातो त्या चपातीमागं कुठंतरी खपलीच्या कुळाचा हात आहे.

कृष्णाकाठ, तुमच्या आजींच्या ओटीतल्या काळ्या, तांबूस, पांढऱ्या ओंब्यांत कोणती जनुकं होती हे आता सांगता येणार नाही. पण त्या वेगवेगळ्या होत्या आणि त्यांनी त्या वेगळ्या ठेवल्या, हे पैदासकाराच्या नजरेनं फार मोठं काम आहे.

कृष्णाकाठ

काका, आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. नंतर म्हणाली, खपस्टाइन परत एकदा म्हण.

हिशेबी

माहिती उत्तम, पण दुसरी बाजूही लिहितो. माझे वडील सातारच्या दुष्काळी भागातले. रेशनच्या लाल मिलोच्या (परदेशी ज्वारीच्या) भाकरीवर त्यांनी दिवस काढले आहेत. १९६४-६५ ला देशात गहू झाला सव्वा कोटी टनांच्या आत-बाहेर. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन बुटक्या गव्हाचं बी आणलं, आणि १९६७-६८ ला उत्पादन साडेसोळा दशलक्ष टनांवर, म्हणजे एक कोटी ६५ लाख टनांवर गेलं. आज ११ कोटींच्या वर आहे. खपलीचा उतारा कमी, शिवाय सडण्याचा खर्च. जुन्या वाणांवर प्रेम करावं, पण दीडशे कोटींचं पोट त्यावर भरत नाही. बुटके गहू आले नसते तर आपण इथं खिरीवर बोलत बसलो नसतो.

गहूवाले काका

हिशेबी, तुमच्या वडिलांचे दिवस मी खोटे ठरवणार नाही. आकडे बरोबर आहेत आणि त्या गव्हांच्या कामात माझाही खारीचा वाटा आहे. पण ते बुटकेपण आलं कुठून? जपानच्या 'नोरिन १०' वाणातून. नोरिन १० च्या वंशावळीत जपानचा जुना बुटका 'दारुमा' आहे आणि त्याच्या जोडीला दोन अमेरिकी गहू. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, त्याचं बी अमेरिकेत गेलं, तिथून गव्हाचे पैदासकार बोरलॉग यांच्याकडं मेक्सिकोत आणि तिथून आपल्याकडं. कुणीतरी जपानी शेतकऱ्यांनी तो ठेंगणा दारुमा जपला नसता तर आपला बुटका कल्याणसोना गहू झाला नसता. उतारासुद्धा विविधतेतूनच आला.

सगळ्यांनी खपली पेरावी असं माझं म्हणणं नाही. ती कुठंतरी शेतात उभी राहायला हवी, एवढंच.

भाकरतुकडा

गव्हाच्या धाग्यात बाजरी आणतोय, पण अनुभव जवळचा आहे. मी नगर जिल्ह्यातला, बाजरीवालं घर. १९६५ ला पहिली संकरित बाजरी आली, एचबी १. वडील सांगतात, कणसं बघून गाव हरखलं होतं. मागून एचबी ३, एचबी ४. नावं वेगळी, पण सगळ्यांची मादी एकच, अमेरिकेतल्या टिफ्टनहून आलेली टिफ्ट २३ए. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गोसावी रोगानं त्या मादीची सगळी लेकरं एकदम धरली. कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पानांचा झुपका, गोसाव्याच्या जटेसारखा. आमच्या रानात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जटाच जटा. त्या साली घरात बाजरी आली ती आत्यानं बांधाच्या कडेला गावरान टोकली होती तेवढीच. ती आत्या अजून आहे, ९० च्या पुढं. गावरान बी आजही तिच्या गाडग्यात आहे, राखेत घालून ठेवलेलं.

उसाचा_पाला

भाकरतुकडा यांना दुजोरा. आमच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं उसाचा एकच वाण, को ८६०३२. उत्तर प्रदेशात को ०२३८ नं बहुतेक सगळं क्षेत्र व्यापलं होतं, तिथं लाल कूज रोगानं त्याला गेल्या काही वर्षांत असं गाठलं की शेतकऱ्यांना वाण बदलावा लागला. आणि कोइमतूरचा ऊस मुळात मोठा झाला तोही रानातून रक्त घेऊनच. तिथले पैदासकार बार्बर आणि वेंकटरामन यांनी १९१२ मध्ये नदीकाठच्या जंगली काश गवताशी उसाचा संकर केला. त्यातून को २०५ निघाला. कृष्णाकाठ, तुमच्या गावच्या नदीला काश फुललेला दिसेल तेव्हा तुमच्या उसाचा मामा म्हणून बघा.

तब्येतपाणी

मी डॉक्टर आहे. एक महत्त्वाची गोष्ट इथं नोंदवतो, कारण गेल्या वर्षी एका पेशंटचे त्यामुळे हाल झाले. खपलीच्या पाकिटांवर आणि व्हॉट्सअॅपवर 'ग्लूटेनमुक्त' असं सर्रास लिहिलेलं असतं. ते चूक आहे. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन आहे. सीलिअ‍ॅकच्या (ग्लूटेन न सोसणाऱ्या) रुग्णानं ती अजिबात खायची नाही, खिरीतही नाही. मधुमेहात काहींना तिची चपाती मानवते, पण आपली रक्तशर्करा मोजून, प्रमाणात. औषधाची जागा ती घेत नाही.

पुरणयंत्र

डॉक्टर, बरं झालं सांगितलंत. आमच्या शेजारच्या मुलीला हा त्रास आहे आणि तिची आई खपली आणायच्या बेतात होती. आत्ताच फोन केला.

तोस्काना_हून

मी लग्न होऊन इटलीत आले. इथं तोस्कानाच्या डोंगरात गार्फान्याना म्हणून भाग आहे, तिथं 'फार्रो' पिकवतात. पहिल्यांदा सासरी त्याचं सूप वाढलं. एक चमचा तोंडात टाकला आणि मला एकदम कोल्हापूरची खीर आठवली. दाणा तोच. नंतर कळलं, तीच जात. इथं त्या भागाच्या नावानं त्याला १९९६ पासून युरोपीय संरक्षण आहे. सासूबाईंना मी गूळ-खोबरं घालून करून वाढली. आता नाताळला त्याच मागतात.

उंबरठा

धागा वाचनखुणांत टाकला. काका, बियाणं बँकेत नसतं का हे सगळं? मग शेतात कशाला हवं?

गहूवाले काका

बँकेत असतं आणि असायलाच हवं. दिल्लीला राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरो आहे, त्याचं एक केंद्र आपल्या अकोल्याला आहे. लेनिनग्राडच्या वेढ्यात वाव्हिलोव्ह यांच्या संस्थेतली माणसं तांदूळ, गव्हाच्या पोत्यांशेजारी उपाशी मेली, पण त्यांनी बियाणं खाल्लं नाही. आणि स्वतः वाव्हिलोव्ह, ज्यांनी पिकांची मूळ घरं कुठं आहेत याचा पहिला मोठा नकाशा मांडला, ते २६ जानेवारी १९४३ रोजी सारातोवच्या तुरुंगात गेले. उपासमारीनं. हे लिहिताना आजही मला थांबावं लागतं.

सीरियात अलेप्पोजवळ एका संशोधन केंद्रात गव्हाच्या हजारो जुन्या वाणांचा साठा होता. युद्ध आलं, तिथं काम करणं अशक्य झालं. २००८ पासून नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये बर्फाखाली जागतिक बियाणं कोठार आहे, तिथं त्या केंद्रानं बियांच्या प्रती ठेवल्या होत्या. २०१५ मध्ये त्या बाहेर काढून लेबनॉन आणि मोरोक्कोत पुन्हा पेरल्या. गहू जिथं जन्मला त्याच भागाचं बी उत्तर ध्रुवाजवळून परत आणावं लागलं.

पण बँकेतलं बी झोपलेलं असतं. शेत बदलत राहतं. तांबेरा दर साली बदलतो, थंडी कमी-जास्त होते, आणि शेतातलं बी त्याच्याबरोबर बदलतं. बँकेत ठेवल्या दिवशी जसं होतं तसंच राहतं. दोन्ही लागतं.

आणि कृष्णाकाठ, हेही लक्षात ठेवा. आज बाजारात खपलीचे सुधारित वाण आहेत. धारवाडचे डीडीके मालिकेतले, पुण्याच्या आघारकर संस्थेचा एमएसीएस २९७१. बुटके, न लोळणारे, चांगले वाण. मागणी वाढली तशी खपली पुन्हा पेरली जाते याचा मला आनंद आहे. पण सगळ्या नदीकाठाला एकच सुधारित खपली झाली, तर तुमच्या आजींच्या तीन रंगांचं काय, हा प्रश्न तसाच राहतो. घरचं बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचा हक्क तुम्हाला २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं आहे. फक्त नोंदणी झालेल्या वाणाचं बी छापील नावानं विकता येत नाही. शेतकऱ्याला आपला जुना वाण स्वतःच्या नावे नोंदवताही येतो.

चिकोडीची_वैनी

दादा, धागा उशिरा वाचला. मी चिकोडीकडची, माहेर तुमच्याच बाजूला. आमच्याकडं खपलीला सदक म्हणतात, कुणी जवे. सासऱ्यांनी बी सोडलेलं नाही. बारीक कुसळाची, तांबूस, आणि मधूनमधून काळी पण येते. ते म्हणतात काळी काढायची नाही. तुसासकट ठेवलेली आहे, त्यामुळं टोके (किडे) लागत नाहीत. दहा किलो देता येईल. पैसे नकोत. पुढच्या साली दहा किलो परत आणा म्हणजे झालं, आमच्याकडं अशीच रीत आहे. व्यक्तिगत निरोप पाठवलाय.

कृष्णाकाठ

वैनी, उद्याच येतो. आईपण येणार म्हणते.

भाकरतुकडा

काय सुंदर झालं हे!

कृष्णाकाठ

मंडळी, जवळजवळ दोन महिन्यांनी लिहितोय. ऊस मोडून दहा गुंठे मोकळे केले. वैनींच्या सासऱ्यांनी पोतं बांधून दिलं आणि सांगितलं, सडू नका, तुसासकट पेरा, थोडं खोल. आईनं पोतं मांडीवर घेऊन आणलं, पूर्ण रस्ताभर.

दिवाळीनंतर पेरणी केली. सातव्या दिवशी सकाळी वाफ्यात गेलो तर ओळीत जागोजागी दोन दोन मोड, एकमेकांना खेटून. एक जोडी अलगद उपटली. खाली ते पाकीट तसंच होतं, मातीनं काळं पडलेलं, आणि त्याच्या आतून दोन्ही मुळं निघालेली. काकांनी लिहिलं होतं की रानात त्यातला एक दाणा झोपून राहायचा. हे दोघंही एकदमच उठलेत.

ती जोडी आईच्या हातावर ठेवली. तिनं बघितली आणि परत त्याच जागी बोटानं भोक करून लावली.

काळी किती निघतात ते मार्चमध्ये मोजून सांगतो. वैनींचे दहा किलो आईनं आत्ताच वेगळ्या डब्यावर खडूनं लिहून ठेवलेत.